मामा, कुठल्या डाक्टरकडं जाऊ?

(वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



खरं तर आज इथं एक मोठे डॉक्टर यायचे होते. पत्रिकेवर त्यांचं नाव छापलंय. साहेबांना ऐनवेळी काम निघालं. वस्तीत यायचं म्हटलं की साहेब लोकांना कामं निघतातच. मग पोरं माझ्याकडं आली, मामा तुम्ही बोला म्हणाली. मी म्हणालो, अरे मी डॉक्टर नाही, नर्स नाही, साधा कंपाउंडर पण नाही. मी वॉर्डबॉय. सरकारी भाषेत कक्षसेवक, चतुर्थ श्रेणी. बाप त्याच दवाखान्यात सफाई कामगार होता. लाड-पागे समितीच्या शिफारशीवर त्याच्या जागी मला घेतलं, बापाचा झाडू माझ्या हातात दिला, आणि सात वर्षांनी ट्रॉली दिली. ही माझी डिग्री.

पण दवाखान्यात वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात. गेटातून आत आलेला गोंधळलेला माणूस पहिल्यांदा मामालाच विचारतो. साहेबाला विचारायची त्याची छाती होत नाही. "मामा, कुठल्या डाक्टरकडं जाऊ?" हाड मोडलं असेल तर सांगणं सोपं. गरोदर बाई असेल तर सोपं. पण "पोरगी आठ दिवस झाले बोलतच नाही", "मालक रातभर भिंतीशी बोलत्यात", "छातीत धडधडतंय, पट्टी काढली तर डाक्टर म्हनले काहीच नाही", या माणसांना कुठल्या दारात उभं करायचं? चुकीच्या दारात उभं केलं की वर्षं जातात. आमच्या घरची अडीच वर्षं अशीच गेली. ती कशी गेली तेच आज सांगणार आहे, आणि त्यात माझाही एक गुन्हा आहे, तोही सांगणार आहे.

आधी 'डॉक्टर' या शब्दाचाच घोळ मिटवू. माझी आजी मरेपर्यंत समजत होती की बाबासाहेब औषध देणारे डॉक्टर होते. भिंतीवरच्या फोटोखाली लिहिलंय ना, डॉ. म्हणून. मी तिला सांगायचो, आज्जे, ते पुस्तकांचे डॉक्टर. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. तिला ते पटायचं नाही. पण आजीची चूक अडाणीपणाची नव्हती. आजही बाजारात असे बोर्ड आहेत, 'डॉ. अमुक, मानसतज्ज्ञ'. हा 'डॉ.' मानसशास्त्रातल्या पीएच.डी.चा असतो. त्यात लबाडी काही नाही, तो मान त्यांनी अभ्यास करून कमावलाय. पण आपला माणूस आत जातो आणि गोळी मागतो. त्यांना गोळी लिहिता येत नाही. माणूस बाहेर येऊन म्हणतो, डाक्टर बोगस हाय. आणि जो खरंच बोगस आहे तो कोपऱ्यावर बसून दिवसाला पन्नास सलाईन लावतो, त्याला मात्र आपण देवमाणूस म्हणतो.

आता घरातलं सांगतो.

माझा धाकटा भाऊ आमच्या खानदानात पहिला सायन्सला गेलेला. १९९८ साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, होस्टेलला राहत होता. दिवाळीला घरी आला तो वेगळाच होऊन आला. आंघोळ नाही, पुस्तकाला हात नाही. रात्री उठून दाराची कडी तपासायचा. म्हणायचा, पोरं माझ्याबद्दल बोलतात. आता होस्टेलमध्ये पोरं त्याच्याबद्दल बोलतच होती. स्कॉलरशिपवाला, सरकारी जावई, हे तो आधीपासून सांगत होता. त्यामुळं आम्हाला वाटलं, खरंच सांगतोय. पण मग तो म्हणायला लागला की ती पोरं इथं घराच्या पत्र्यावर बसून बोलतात. मी वर चढून बघितलं. कोणी नव्हतं. त्याला मात्र ऐकू येत होतं.

माय म्हणाली, "लेकराला कुनीतरी करनी केली." आम्ही दीक्षेच्या घरातली माणसं. घरात देव नाही, देव्हारा नाही. तरी माय त्याला घेऊन देवऋष्याकडं गेली. पोटच्या पोराच्या भीतीपुढं बावीस प्रतिज्ञा किती वेळ टिकतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून मी आज अशा मायमाऊल्यांना हसत नाही. देवऋष्यानं लिंबू कापले, कोंबडं घेतलं, हातावर चटका दिला. तो डाग भावाच्या मनगटावर अजून आहे. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चटके देणं आज गुन्हा आहे. आमच्या वेळी हा कायदा नव्हता. आणि चटक्यावरच भागलं, तेही नशीब. २००१ साली ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ, साखळदंडानं बांधून ठेवलेली अठ्ठावीस वेडी म्हटलेली माणसं आगीत जळून मेली. पळता येईना, कारण पायात साखळी. ती सगळी कोणाची तरी लेकरंच होती, आणि बरी व्हावीत म्हणूनच घरच्यांनी तिथं नेऊन ठेवलेली.

दुसरं दार सलाईनवाल्याचं. त्यानं 'अशक्तपणा' सांगितला. ताकदीच्या बाटल्या लावल्या, झोपेच्या गोळ्या दिल्या. इथं एक लक्षात ठेवा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप येते, धडधड थांबते, म्हणून माणसाला वाटतं इलाज झाला. पण चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने घेतल्या तर त्यांचीच सवय लागते, आणि एकदम सोडल्या तर हातपाय कापतात, क्वचित फिटही येते. कायद्यानं त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी आपल्याकडं मेडिकलवाला दोन पानं कागदात गुंडाळून हातावर ठेवतो.

तिसरं दार लांबच्या शहरातलं होतं. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, हे मेंदूचं काम आहे, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. मायनं गळ्यातलं मोडलं. आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडं गेलो. हा मेंदूच्या नसांचा डॉक्टर. एमबीबीएस, वर एमडी मेडिसिन, त्याच्याही वर तीन वर्षं डीएम, एवढं शिकलेला. फिट येणं, लकवा, हातपाय थरथरणं, विसरभोळेपणा हे त्याचं राज्य. चाकू चालवतो तो न्यूरोसर्जन, तो आणखी वेगळा. या डॉक्टरनं सीटी स्कॅन काढला. स्कॅन चांगला निघाला. आता त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण त्यानं पैसे उकळत बसण्यापेक्षा सरळ सांगितलं, "हा माझा पेशंट नाही. याला मनोविकारतज्ज्ञाकडं न्या." आणि आम्ही काय केलं? भडकलो. बाप म्हणाला, "माझ्या पोराला येडा म्हणतो व्हय?" चिठ्ठी फाडली आणि घरी आलो. पुढं दोन वर्षं कुठंच गेलो नाही. मायचं डोरलं गेलं, उरला तो स्कॅनचा फोटो. तो बरीच वर्षं पत्र्याच्या पेटीत होता.

डॉक्टर चुकला नव्हता, चुकलो आम्ही. कारण आमच्या भाषेत मनाचा डॉक्टर म्हणजे येड्यांचा डॉक्टर, आणि तिथून पुढची पायरी म्हणजे येरवडा. मुंबईकडं 'ठाण्याला पाठवा' म्हणतात, आमच्याकडं 'येरवड्याला'. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही सरकारी मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. त्यांच्या नावांच्या आपण शिव्या करून ठेवल्या. ही शिवी आपल्यालाच महागात पडते. पांढरपेशा माणूस पोराला गुपचूप दुसऱ्या शहरात प्रायव्हेटला नेतो, आणि शेजाऱ्याला सांगतो मामाकडं गेलाय. आपल्याला तेही परवडत नाही.

चौथं दार शेवटी भावानंच उघडलं म्हणायचं. २००१ च्या उन्हाळ्यात त्यानं रात्री बापावर हात उगारला, कारण त्याला बाप बापच दिसेना. शेजाऱ्यांनी धरलं, आणि आम्ही त्याला सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं. तिथं पहिल्यांदा मनोविकारतज्ज्ञ बघितला. सायकियाट्रिस्ट. नीट समजून घ्या, हा पूर्ण डॉक्टर असतो. आधी एमबीबीएस, मग मनाच्या आजारात तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा. बाळंतपण, ताप, मुडदा, सगळं बघून इथं आलेला. थायरॉईड बिघडलंय का, डोक्याला मार लागलाय का, दारू किती, हे तो आधी तपासतो, कारण शरीराचे काही आजार मनाचा मुखवटा घालून येतात. गोळी तो लिहितो, गरज पडली तर भरतीही करतो. त्यानं आम्हाला अर्धा तास विचारलं. त्यानं पहिल्यांदा आजाराला नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. म्हणाला, "याला करणी झालेली नाही, आणि हा नाटकंही करत नाही. गोळीला वेळ लागेल. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका."

पाच-सहा आठवड्यांनी भाऊ सकाळी उठला आणि मायला म्हणाला, "चहा टाक." अडीच वर्षांत त्यानं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. माय चुलीजवळ बसून रडली.

आता माझा गुन्हा.

मी त्या वेळी चळवळीत पुरता बुडालेलो. रात्री पोस्टर, दिवसा मोर्चा. कोणीतरी फ्रान्झ फॅननच्या पुस्तकाची झेरॉक्स दिलेली, तीही अर्धी. त्या अर्ध्या पानांवर मी शहाणा झालो. भाऊ गोळ्यांनी जाड झाला होता, तोंड कोरडं, हात ताठ, चालणं म्हाताऱ्यासारखं. मी त्याला म्हणालो, "अरे, आजारी तू नाहीस, आजारी ही व्यवस्था आहे. या गोळ्या म्हणजे तुला गुंगीत ठेवायचा डाव आहे. फेकून दे." त्यानं माझं ऐकलं. थोरला भाऊ, शिकलेला, सभेत बोलणारा. का ऐकणार नाही? गोळ्या नाल्यात टाकल्या. महिना-दीड महिना चांगला होता, मी मित्रांना छाती फुगवून सांगायचो. मग एका रात्री तो घरातून गेला. अकरा दिवस सापडला नाही. पूर्णा जंक्शनवर सापडला, प्लॅटफॉर्मच्या टोकाला, अंगावर फक्त चड्डी, आणि मला बघून तो घाबरला. मला बघून. दोस्तहो, मी मोर्च्यात काठ्या खाल्ल्यात, पण ती नजर मला त्याहून लागलीय.

फॅननबद्दल पुढं पूर्ण वाचलं तेव्हा कळलं. तो काळा माणूस, मार्टिनिकचा, स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता. १९५३ साली अल्जीरियात ब्लिडा इथल्या मनोरुग्णालयात लागला. तिथं त्यानं गोळ्या नाल्यात टाकायला सांगितलं नाही. त्यानं उपचार केले, वॉर्डातली माणसं माणसासारखी राहावीत म्हणून धडपडला. तिथल्या मुसलमान पेशंटांवर फ्रेंच रीतीचे उपचार चालेनात, तेव्हा त्यांचं कॉफीघर, त्यांचे सण वॉर्डात आणले. १९५६ साली त्यानं राजीनामा दिला, कारण ज्या देशात माणसाला स्वतःच्याच भूमीत परका करून ठेवलंय तिथं एकटा डॉक्टर त्याला बरं करू शकत नाही, हे त्याला दिसलं. औषध खोटं आहे असं तो म्हणाला नव्हता, औषध पुरत नाही म्हणाला. या दोन वाक्यांत जो फरक आहे त्याची किंमत माझ्या भावानं मोजली. आणि ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनीही वस्त्यांत फुकटचे दवाखाने काढले होते. आपण बंदूक हातात घेतलेले फोटो तेवढे भिंतीवर लावले.

भावाला परत त्याच डॉक्टरकडं नेलं. मी मान खाली घालून उभा. डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, "हात ताठ होतात हे मला येऊन सांगायचं होतं. गोळी बदलता येते, कमी करता येते, ताठरपणावर दुसरी गोळी आहे." हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्रास होत असेल तर डॉक्टरला उलट सांगायचं असतं, तो आपला हक्क आहे, हे आपल्या पिढ्यांना शिकवलेलंच नाही. साहेबापुढं हात जोडून उभं राहायचं, एवढंच शिकवलंय.

त्यानंतर मी नोकरीला लागलो, आणि बाकीची मंडळी आतून बघायला मिळाली.

मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हे एमबीबीएस नसतात. मानसशास्त्रात एम.ए., त्यावर दवाखान्यात राहून केलेलं दोन वर्षांचं एम.फिल., आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी. अभ्यासक्रमांची नावं आता बदलताहेत, पण नोंदणी आहे का ते विचारायचं. हे चाचण्या घेतात, पोराची बुद्धी किती, आजार कुठल्या जातीचा (बघा, आजाराला पण जात म्हणतो आपण), आणि मुख्य म्हणजे बोलून उपचार करतात. आमच्याकडं पेशंट खोलीतून बाहेर येऊन चिडतात, "नुसतं बोलत बसली, एक गोळी दिली नाही." अरे, ते बोलणं हेच तिचं औषध आहे! भीती, उदासी, तेच ते विचार, धक्का बसल्यानंतरची झोपमोड, यात त्या बोलण्याचा मोठा उपयोग होतो, कधी एकट्याचा, कधी गोळीच्या जोडीनं. पण माझ्या भावासारख्या आजारात गोळी बाजूला ठेवून नुसतं बोलून भागत नाही. जो म्हणतो भागतं, त्याच्यापासून लांब राहा.

तिथं एक सोशल वर्करबाई होत्या. मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ता असतो हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा, तीन. आणि गरिबाचं सगळ्यात जास्त काम हाच माणूस करतो. घर बघायला येतो, बापाला समजावतो, कामावर परत घेतील का ते बघतो, कागद करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार मोजलाय. चाळीस टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र मिळालं तर सवलती आहेत, संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो. आम्हाला हे अकरा वर्षं कोणी सांगितलं नाही, त्या बाईंनी चार दिवसांत कागद उभे केले. मनोविकाराच्या नर्सिंगचं वेगळं शिक्षण घेतलेल्या सिस्टरही असतात. रात्री तीनला पेशंट किंचाळतो तेव्हा वॉर्डात त्या असतात आणि मी असतो, बाकी कोणी नसतं.

राहिला समुपदेशक, कौन्सेलर. इथं डोळे उघडे ठेवा. यात खरे शिकलेले, मनापासून काम करणारे लोक आहेत. शाळेत, कॉलेजात, एचआयव्हीच्या केंद्रात मी ते पाहिलेत. पण चार रविवारचा कोर्स करून बोर्ड लावणारेही यातच आहेत. २०२१ साली केंद्रानं या व्यवसायांच्या नोंदणीचा कायदा केला. गल्लीतल्या बोर्डापर्यंत तो मला अजून आलेला दिसत नाही. म्हणून लाजायचं नाही, सरळ विचारायचं, साहेब, मॅडम, तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठं? खरा माणूस रागावत नाही.

आता कडू गोष्ट. ही सगळी मंडळी जातीबद्दल बोलत नाहीत. दारू विचारतील, झोप विचारतील, लग्न, पगार सगळं विचारतील. मी ट्रॉलीशेजारी उभा असतो, मला ऐकू येतं. एकदा आपल्यातली एक पोरगी, शिकायला शहरात आलेली, सांगत होती की मेसमध्ये तिचं ताट वेगळं ठेवतात. समोरची म्हणाली, "तू हे फार मनाला लावून घेतेस." संपलं. ती पोरगी पुन्हा आली नाही. मनाला लावून न घेता कुठं लावून घ्यायचं? हैदराबादला २०१६ साली रोहित वेमुला गेला. २०१९ साली मुंबईत पायल तडवी गेली. ती तर स्वतः डॉक्टर, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगात एमडी करत होती. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, खटला झाला. ज्यांच्यावर आरोप झाला त्यांच्याकडंही एमबीबीएसची डिग्री होती. डिग्रीनं जात जात नाही. छळ होत असेल तर त्याचं औषध गोळी नाही आणि समुपदेशनही नाही. तिथं लेखी तक्रार, ॲट्रॉसिटी, आणि मागं उभी राहणारी माणसं लागतात. पण त्या छळानं झोप गेली, जेवण गेलं, मरणाचे विचार यायला लागले, तर तक्रारीच्या जोडीला डॉक्टरही लागतो. एकच लढायचं आणि दुसरं सोडायचं, असं करू नका. मी केलं होतं.

तरुण पोरं मला विचारतात, मामा, आमची चीड हाच आजार आहे असं उद्या कोणी लिहून दिलं तर? प्रश्न चांगला आहे. असं झालेलं आहे. १८५१ साली अमेरिकेत कार्टराईट नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं की गुलाम मालकाला सोडून पळतो तो एक मनाचा रोग आहे. त्याला ड्रॅपेटोमेनिया असं भारदस्त नाव दिलं, आणि उपाय सांगितला चाबूक! पण आज आपल्या हातात कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. कलम ३ सांगतं, कोणाची राजकीय, आर्थिक, सामाजिक पायरी बघून, किंवा तो समाजाच्या रूढीविरुद्ध वागतो म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम १८ सांगतं, उपचारात जातीवरून भेद करता येणार नाही, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो नसो, सरकारी ठिकाणी उपचार फुकट. कलम २५ प्रमाणं आपले कागद आपल्याला मागता येतात. मागा आणि जपून ठेवा, आमच्या बापानं फाडले तसे फाडू नका. कलम ९५ प्रमाणं साखळीनं बांधणं बंद. शॉक द्यायचा तर भूल देऊनच, आणि अठराच्या खालच्या लेकराला पालकाची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय द्यायचा नाही. शॉकला सिनेमानं बदनाम केलंय, पण भूल देऊन दिलेल्या शॉकनं दहा दिवस अन्न सोडलेली बाई जेवायला लागलेली मी बघितलीय.

आणि कलम ११५. कॅज्युअल्टीत रात्री विष घेतलेला माणूस येतो आणि घरचे खोटं सांगतात, "चुकून पिला." कारण पोलीस केसची भीती. दोस्तहो, डॉक्टरला खरं सांगा, काय घेतलं, किती वाजता घेतलं. त्यावर जीव अवलंबून असतो. आता कायदा असं धरून चालतो की तो माणूस प्रचंड ताणात होता, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही.

कायदा कागदावर आहे, माणसं कुठं आहेत, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. आजाराप्रमाणं शंभरातले सत्तर ते ब्याण्णव लोक उपचाराविनाच होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, म्हणून आपण शहाणे असं समजायचं कारण नाही. आमच्या ओपीडीत सकाळी रांग जिन्यापर्यंत येते आणि एका पेशंटला चार मिनिटं मिळतात. अर्धा तास विचारणारा तो जुना डॉक्टर आज असता तर त्यालाही चारच मिनिटं मिळाली असती. यासाठी मोर्चा काढायचा असेल तर मी पुढं चालतो. जागा भरा, गोळ्यांचा साठा ठेवा, ही मागणी रस्ता-पाण्याच्या मागणीइतकीच मोठी आहे.

तोपर्यंत काय? जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, तिथं जा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. कुठलं दार ते कळत नसेल तर पहिल्यांदा एमबीबीएसला दाखवा, मात्र त्याला सगळं सांगा, नुसतं 'अशक्तपणा' म्हणू नका. आवाज ऐकू येत असतील, झोप गेली असेल, मरणाचं बोलत असेल, तर थांबू नका, थेट मनोविकारतज्ज्ञ. फिट, लकवा असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. चार मिनिटंच मिळणार म्हणून घरून कागदावर लिहून न्या, कधीपासून, काय होतं, कुठली गोळी चालू आहे. मी आमच्या वस्तीतल्या लोकांचे कागद लिहून देतो, तुमच्यातल्या अक्षर चांगलं असणाऱ्या पोरांनी हे काम घ्यावं. ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. आठ वाजता गेटवर या, मी असतो.

माझा भाऊ आज मागं बसलाय, खांबाजवळ. हे सगळं सांगू का म्हणून मी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, सांग, पण चड्डीचं सांगू नको. ते मी सांगितलं, त्याबद्दल घरी गेल्यावर ऐकून घेईन. गोळी तो चोवीस वर्षं घेतोय, मधले ते माझे दिवस सोडून. आवाज कधीकधी अजून येतात, पण आता त्याला कळतं की ते पत्र्यावर नाहीत. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पंक्चरचे पैसे माझ्याकडूनही घेतो. त्यानं मला एक गोष्ट आवर्जून सांगायला लावलीय, डॉक्टरही कधी सांगत नाहीत म्हणाला. गोळीनं रात्री तोंड फार कोरडं पडतं. उशाला तांब्याभर पाणी ठेवा.